औक्षण झालं, आता माहिती भरा

जूनच्या मध्यावर जिल्हा परिषदेची शाळा लग्नघर होते. दाराला तोरण, अंगणात रांगोळी, गावातून प्रभातफेरी. नवरदेवाच्या जागी पहिलीत दाखल झालेला, नाक ओढणारा सहा वर्षांचा इसम. त्याला कुठे बैलगाडीतून आणतात, कुठे सजवलेल्या ट्रॅक्टरमधून.

उरलेलं वर्ष तो चिखलातून पायी येणार असतो.

याचं सरकारी नाव शाळा प्रवेशोत्सव. उत्सव म्हटला की पत्रक आलं, पत्रकात गुलाबपुष्प आलं, गुलाबपुष्प द्यायला पाहुणा आला. 2025च्या जूनमध्ये तर मंत्री, आमदार, अधिकारी असे सगळेच पहिल्या दिवशी शाळांवर पोहोचले. चांगलंच झालं. फक्त एक शंका. पाहुणे यायचे म्हणून जे स्वच्छतागृह आदल्या संध्याकाळी उघडून धुतलं जातं, ते तोवर कुणासाठी राखून ठेवलेलं असतं?

स्वागतातला मुख्य विधी म्हणजे पहिल्या पावलाचा ठसा. ताटात कुंकवाचं पाणी. बाई पोराचा घोटा धरून पाय त्यात बुडवतात. पाणी गार, पोर किंचाळतं. मग पाय पांढऱ्या कागदावर. दुसऱ्या बाई मोबाइल धरून उभ्या. "थांबा थांबा, लोकेशन आलं नाही." पाय पुन्हा ताटात. कागद दुसरा. या खेपेला फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश सगळं उमटतं. कागद फायलीत जातो, पोर लाल पाय घेऊन नळाकडे जातं.

नळाला पाणी कधी येतं, ते फायलीत नसतं.

मुलांचं स्वागत करू नये असं कोण म्हणेल? करावंच. पण घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आधी भात टाकतात, मग रांगोळी काढतात. आपल्याकडे रांगोळी वेळेवर असते, आणि भाताचा शासन निर्णय नंतर निघतो.

अतिशयोक्ती वाटते? ओळीने तीन जून काढून बघा.

जून 2023. दप्तर हलकं करायचं म्हणून पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घातली. पुस्तकाचे चार भाग केले, धड्यामागे "माझी नोंद" आली. आता वेगळी वही लागणार नाही, अशी कल्पना. मुलं पुस्तकही आणायला लागली आणि वहीही. दप्तराने निर्णय वाचलाच नव्हता. जानेवारी 2025मध्ये कोरी पानं रद्द झाली.

तेवढ्या पानांत शिक्षण विभागाने स्वतःची नोंद लिहून ठेवायला हवी होती.

जून 2024. एक राज्य, एक गणवेश. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, अख्ख्या महाराष्ट्राला एकच. त्याआधी शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या शिंप्याकडून माप घेऊन कपडे शिवून घ्यायची. गणवेशामागे 300 रुपये मिळायचे, त्यात भागवायची. ते फारच सोपं पडत होतं. मग कापड वरून, शिलाई बचत गटांकडून, आणि स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचं नुसतं कापड शाळेत टाकून शिलाईला 110 रुपये. 110 रुपयांत आज शिंपी माप तरी घेतो का? शाळा उघडल्या, पाऊस आला, स्वातंत्र्यदिन आला. अनेक शाळांत झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झालं. जे गणवेश आले त्यांतल्या काहींत एक मूल मावत नव्हतं, तर काहींत दोन मावत होती. डिसेंबरमध्ये अधिकार पुन्हा शाळा समितीकडे.

शिंपी होता तिथेच होता. मुलं मधल्या काळात दोन बोटं वाढली.

जून 2025 तर दृष्ट लागण्यासारखा. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला होता. 16 जूनला शाळा उघडल्या. 17 जूनला सुधारित निर्णय आला. 29 जूनला दोन्ही रद्द, आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. म्हणजे पहिलीच्या पोराने मुळाक्षरांतला "अ" गिरवेपर्यंत सरकारने भाषा धोरणाची पाटी दोनदा पुसली.

त्या सुधारित निर्णयातली एक अट तर फ्रेम करून लावावी अशी होती. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर त्या वर्गातल्या किमान 20 मुलांनी ती मागावी. राज्यात हजारो शाळा अशा आहेत की तिथे पूर्ण शाळेचा पटच 20च्या आत आहे.

तिथे बहुधा शेजारच्या गावाची मुलं मोजायची असावीत.

आणि या हिंदीच्या निर्णयाविरुद्ध, मराठीसाठी त्या महिन्यात जे सगळे एकवटले, त्यांच्यापैकी किती जणांची मुलं मराठी शाळेच्या प्रवेशोत्सवाला होती, हा प्रश्न विचारायचा नाही. चार घरी चहा बंद होतो.

या 20च्या आतल्या शाळांचा प्रवेशोत्सव एकदा बघण्यासारखा असतो. वाडीवरची शाळा, पहिलीत नवी मुलं दोन. स्वागताला सरपंच, उपसरपंच, समितीचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख आणि ज्यांचं काम कुणालाच माहीत नाही असे एक गृहस्थ. दोन मुलांना पाच जण फुलं देतात. याच शाळांना एकत्र करून समूह शाळा करावी असं 2023मध्ये सरकारच्या मनात आलं होतं. घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, हे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमातलं अंतर. पण कायद्याला ओढा ओलांडावा लागत नाही.

पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की समूह कुठल्या काठावर भरणार?

पहिल्या दिवशी ताटात गोडधोड असतं. शिरा, खीर, जिलेबी, ज्या गावाची जशी ऐपत. दुसऱ्या दिवसापासून नेहमीची खिचडी. मध्यंतरी आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, अशी चैन सुरू झाली होती. नोव्हेंबर 2023चा निर्णय. जानेवारी 2025मध्ये अंड्याचा वेगळा निधी थांबला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या. लोकसहभाग म्हणजे गुरुजींनी गावातल्या कोंबडीवाल्याशी गोड बोलायचं.

बरं, हे झालं मुलांचं. गुरुजींचं स्वागत कोण करतं?

करतात की! मुलांच्या हातात फूल पडतं त्याच घटकेला गुरुजींच्या मोबाइलवर लिंक पडते. शाळेची माहिती यू-डायसवर भरा. मुलांचे अपार आयडी काढा. आधारवर नाव "गनेश" आणि दाखल्यावर "गणेश" असेल तर आधी तो घोळ निस्तरा. पोषण आहाराची आजची नोंद करा. मतदारयाद्यांचं काम बघा. झाड लावा, झाडासोबत फोटो काढा, फोटो चढवा. झाड जगलं का, ते विचारणारी लिंक अजून आलेली नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. कलम सुंदर आहे. 2024मध्ये सरकारने आणखी पुढे जाऊन कामांची वर्गवारीच केली, शैक्षणिक कोणती आणि अशैक्षणिक कोणती. वर्गवारी झाली, गुरुजींनी वाचली, आणि तेवढ्यात नवी लिंक आली.

लिंक भरणं कोणत्या वर्गात मोडतं, ते बघायला वेळ मिळाला नाही.

त्यातच टीईटी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025मध्ये सांगितलं की ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागेल. वीस-वीस वर्षं फळ्यापुढे उभे राहिलेले लोक आता रात्री गाइड उघडून बसतात. शिक्षक पात्र असावा, याला कुणाची ना नाही. पण मग इतकी वर्षं त्यांच्याकडून पोरं शिकवून घेताना, भरती करणाऱ्यांची परीक्षा कुणी घेत होतं का?

खासगी अनुदानित मराठी शाळांतल्या शिक्षकांचा जून तर मे महिन्यातच सुरू होतो. भर उन्हात दारोदार. "आहे का हो कुणी पहिलीचं?" दप्तर देऊ, वह्या देऊ, रिक्षाचं आम्ही बघतो. खर्च बहुतेकदा शिक्षकांच्याच खिशातून. 30 सप्टेंबरचा पट भरला नाही तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, पद जातं आणि माणूस "अतिरिक्त" ठरतो. गल्लीच्या तोंडाशी समोरून दुसऱ्या शाळेचे शिक्षक येताना दिसतात, दोघंही नमस्कार करतात आणि चालण्याचा वेग वाढवतात. म्हणून या शाळांतलं स्वागत मनापासूनचं असतं, यात वाद नाही.

1 ऑक्टोबरला जरा मोकळा श्वास घेतात, एवढंच.

आता रस्त्याच्या पलीकडे या. इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा. इथे कुंकवाचं पाणी नाही, पीडीएफ आहे. "प्रिय पालक, नव्या शैक्षणिक वर्षात आपलं हार्दिक स्वागत." दुसऱ्या ओळीत फीचा पहिला हप्ता. तिसऱ्या ओळीत विलंबशुल्क. हार्दिक स्वागत संपलं.

मग वातानुकूलित सभागृहात पालकांचं ओरिएंटेशन. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं मुख्याध्यापिका सांगतात. कुटुंबच म्हणायचं. कुटुंबातही पैसा नेमका कुठे जातो ते विचारलं की लोक गप्प होतात.

वह्या शाळेच्या चिन्हाच्या. बूट दोन जोड, एक काळा, एक पांढरा. गणवेश विशिष्ट दुकानातून. तशी सक्ती मुळीच नाही हं! फक्त चौकडीची ती नेमकी छटा राज्यात दुसरीकडे कुठेच विणत नाहीत, हा निव्वळ योगायोग.

तक्रार करायची? करा की. महाराष्ट्रात 2011 सालचा शुल्क नियमन कायदा आहे. पुढे त्यात दुरुस्ती झाली. फीविरुद्ध दाद मागायची तर किमान 25 टक्के पालक हवेत. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 90 टक्के संतापलेले असतात. संतापाचे इमोजी मोजले तर कायदा दोनदा पुरा होईल. "चला, सही करू या," असं कुणी लिहिलं की ग्रुप दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवशी एक जण सुविचार टाकतो.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नको, हेही 2015पासून राज्यात लेखी आहे. 20 किलोचं पोर, 2 किलोचं दप्तर. डबा, भरलेली पाण्याची बाटली, कंपास आणि रिकामं दप्तर काट्यावर ठेवा. झाले दोन किलो. पुस्तकांनी यायचं नाही.

आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9च्या आत भरवू नयेत, हे 2024चं पत्रक? मुलांची झोप व्हावी म्हणून काढलेलं? कित्येक शाळांनी ते वाचलं. बसवाल्याला परवडत नाही म्हणून बाजूला ठेवलं. पोर बसमध्ये झोपतं. झोप झाल्याशी कारण.

पालकांनी मात्र उगाच साळसूद चेहरा करू नये. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर गाडी तिरकी लावून, खिडकीतून अर्धं बाहेर येऊन, रडणाऱ्या पोराला "हस ना राजा, आजीला पाठवायचाय," असं दटावणारे आपणच असतो. मागे तीन बस अडकलेल्या. दर दोन मिनिटांनी हॉर्न. फोटोखाली ओळ काय? "पहिला दिवस. वेळ किती भरकन जातो!"

मागच्या बसवाल्याला विचारा, वेळ कसा जातो ते.

विदर्भात हा सगळा सोहळा आठवडाभर किंवा त्याहून उशिराने. तिकडे जूनमध्ये ऊन असतं, म्हणून शाळा नंतर उघडतात. शिक्षण विभागाने ज्याच्यापुढे हात टेकले असं ऊन हे एकच खातं.

असो. उत्सव पार पडतो. पाहुणे जातात, तोरण सुकतं, दुसरा दिवस उजाडतो. प्रार्थना होते, हजेरी होते, गुरुजी खडू हातात घेतात आणि ग्रुपवर निरोप येतो. "काल किती विद्यार्थ्यांचे स्वागत झाले? मुलगे, मुली, एकूण. पाहुण्यांचे नाव व हुद्दा. पाच फोटो. दुपारी बारापर्यंत. विलंब झाल्यास जबाबदारी आपली." गुरुजी खडू ठेवतात आणि रेंज शोधत पाण्याच्या टाकीपर्यंत जातात. दुसरे गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेलेले. पहिलीच्या वर्गावर तोवर चौथीतली एक मुलगी बसवलेली असते. दोन वेण्या, हातात पट्टी, आवाज खणखणीत. पोरं तिचं ऐकतात. "अ" चांगला गिरवून घेते म्हणे.

टीईटी मात्र तिने अजून दिलेली नाही.