थेंबेथेंबे काकाजी

वर्ध्याच्या कोणत्याही लेआउटमध्ये जा, एक काकाजी असे असतातच, ज्यांना सगळ्या घरांचं पाण्याचं बिल तोंडपाठ असतं. नातवाचा वाढदिवस ते विसरतील, पण कोपऱ्यावरच्या घराचं मीटर मार्चात 18 युनिट फिरलं आणि मेमध्ये 41, हे विसरणार नाहीत. बहुधा पाटबंधारे खात्यातून नाहीतर हायस्कुलातून रिटायर झालेले, मुलगा पुण्यात, गुडघे शाबूत. खांद्यावर दुपट्टा, खिशात टॉर्च, खडू, निळीची पुडी आणि एक लांब पेचकस.

तुमचं बिल फुगल्याची बातमी तुमच्याआधी त्यांना लागते, कारण बिलं वाटणाऱ्या पोराच्या हातातला गठ्ठा ते “दे, मी देतो सगळ्यांना” म्हणून काढून घेतात आणि मगच वाटायला निघतात.

“वहिनी, पाहुणे आले होते काय?”

“नाही जी.”

“घरात काही कार्यक्रम?”

“नाही बाप्पा.”

“मग एक्केचाळीस हजार लिटर पाणी गेलं कुठं?”

एक युनिट म्हणजे हजार लिटर, हे वहिनींना त्याच क्षणी पहिल्यांदा कळतं. त्या कूलरकडे बोट दाखवतात. पारा 45 च्या वर गेलेला, दोन कूलर रात्रंदिवस चालू. बचाव तसा भक्कम आहे. पण काकाजी वही उघडतात. “कूलरचे सहा युनिट मी आधीच वजा केले.”

मग तपास सुरू होतो. त्याची पहिली अट अशी की रात्री दहा ते पहाटे पाच घरात कोणीही नळ उघडायचा नाही. टाकीत पाणी येणारा व्हॉल्व्ह बंद, टाकीच्या आतल्या बाजूला खडूची रेघ. सकाळी पाणी रेघेखाली गेलं तर गळती घरात. रेघेवरच राहिलं तर मीटर ते टाकी या लाइनीत. ही पद्धत कामाची आहे, आणि तिच्यात खर्च नाही. त्रास मात्र आहे. रात्री दोन वाजता घरातल्या कोणाला उठावं लागलं तर त्यानं आधीच भरून ठेवलेली बादली वापरायची, आणि सकाळी काकाजींना तसं सांगायचं. वहीत त्याचाही रकाना आहे.

फ्लशवर त्यांचा खास डोळा. नळ टिपकला तर आवाज येतो, घरात कोणीतरी चिडतं, वायसर बदलला जातो. फ्लशची टाकी मात्र दिवसभर गुपचूप पाणी सोडत राहते. काकाजी तिच्यात नीळ टाकतात. फ्लश न करता भांड्यात निळं उतरलं की आतलं रबर गेलं समजायचं. हा प्रयोग घरातल्या सगळ्यांना सांगून करावा. एका घरी सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या सकाळी गंभीर चेहऱ्यानं “मला दवाखान्यात न्या” म्हणत बाहेर आल्या होत्या.

पण काकाजींची खरी विद्या जमिनीखालची आहे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात हीच माती फुगते. या ओढाताणीत पाइपाचे सांधे सुटतात. बरं, पाणी वर येईल तर शपथ! भेग ते पिऊन टाकते, ओल दिसत नाही, आणि फरशी कोरडीठाक असताना मीटर फिरत राहतं. म्हणून काकाजी नळ आले की टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला लावतात आणि मीटरवरचा तो इवलासा त्रिकोण फिरतो का ते उकिडवे बसून पाहतात. फिरला, की पेचकसाचं टोक पाइपाला, मूठ कानाला, डॉक्टरसारखे डोळे मिटलेले. “आहे. इथंच कुठंतरी जाऊन राहिलं.”

पुढचं त्यांना झाडं सांगतात. ऐन मेमध्ये सगळं अंगण करपलेलं असताना वहिनींचा अळू मात्र हिरवागार, पानं ताटाएवढी. वहिनी सगळ्यांना सांगत, माझ्या हाताला गुण आहे. काकाजींनी नेमका तिथंच फावडा मारायला लावला. दोन फुटांवर सांधा सापडला, अळू गेला. वहिनी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

कोणी कंटाळून म्हटलं, “जाऊ द्या न काकाजी, थेंबभर पाणी,” की व्याख्यान ठरलेलं. सेकंदाला एक थेंब तर दिवसाला 86,400. 2019 च्या उन्हाळ्यात धाम धरणाचा साठा तळाला गेला होता, विसरले काय? आणि शेवटी हुकमाचं पान: “आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे, अन् तुम्ही नळ गळू देता!” यावर वर्ध्यात उत्तर नाही. बापूंचं नाव निघालं की चर्चा संपते आणि प्लंबरला फोन जातो.

एका बाबतीत मात्र त्यांचा कान जरा मंद आहे. पहाटे नळ आले की लेआउटभर नळाला लावलेल्या टिल्लू पंपांची घरघर सुरू होते. पाण्याआधी पाइपातली हवा ओढली जाते, मीटर हवेवरही फिरतं, आणि शेवटच्या घराला गुंडभर पाणी मिळत नाही. कोणकोणत्या घरात टिल्लू आहे, ही यादी वहीत नाही. मी एकदा विचारलं, तर काकाजी म्हणाले, “तो वेगळा विषय आहे.”

सांधा बसला, रबर बदललं, त्रिकोण थांबला. वहिनी पुन्हा बोलायला लागल्या. पुढच्या बिलाकडे सगळ्यांचे डोळे. बिल आलं: 41 युनिट. मधल्या काळात मीटरच बंद पडलं होतं, म्हणून मागच्या वापराची, म्हणजे गळतीची, सरासरी लावलेली.

वहिनींनी कपाळाला हात लावला. काकाजींचा चेहरा मात्र कधी नव्हे एवढा उजळला. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला.

“वहिनी, कोरे कागद आहेत काय? तीन आणा. अन् चहा ठेवा, अर्ज जरा मोठा होईल.”