नगऱ्यातली फ्रेंच

झाशीच्या राणीवर फ्रेंचमध्ये एक कादंबरी आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. 'ला फाम साक्रे' हे तिचं नाव. ग्रीसच्या राजघराण्यातल्या मिशेल द ग्रेस या गृहस्थांनी ती १९८४ मध्ये लिहिली. आता सासरच्या पिढ्यान्‌पिढ्या झाशीत गेल्या, मी स्वतः तिथल्याच नगरा वस्तीत राहते, आणि आमच्या बाईंबद्दल एक ग्रीक राजपुत्र फ्रेंचांना काय सांगतोय ते मला समजू नये? "इंग्रजीत मिळते का बघ," आमचे हे म्हणाले. ह्यांना प्रत्येक गोष्टीत जवळचा रस्ता सुचतो. मी फ्रेंच शिकायला घेतली.

घरबसल्या फ्रेंच शिकण्याचा सर्वांत भारदस्त दाखला लोकमान्यांचा. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या तुरुंगवासात त्यांनी पुस्तकं समोर ठेवून फ्रेंच आणि जर्मन आत्मसात केली, शिवाय 'गीतारहस्य' लिहिलं. पण मंडालेत कुकरच्या शिट्या मोजाव्या लागत नव्हत्या. शेजारणीचं पार्सल घ्यायला कोणी बेल वाजवत नव्हतं. एकांताची तेवढी सोय नगऱ्यात नाही. झाशीचा रेल्वे कारखाना १८९५ चा. त्याच्या पगारावर पोसलेल्या आमच्या वस्तीत बुंदेली, उर्दू, भोजपुरी, मराठी हवी तेवढी ऐकून घ्या, फ्रेंचची शिकवणी मात्र विचारू नका. तेव्हा शिक्षिका मी आणि विद्यार्थिनीही मीच. दोघींचं छान जमतं. एकीला कंटाळा आला की दुसरी सुट्टी देते.

फ्रेंच माणूस लिहिताना उधळा आणि बोलताना कंजूष. पाण्याला नुसतं 'ओ' म्हणायचं, पण लिहिताना त्याच्यावर ई, ए, यू अशी तीन अक्षरं खर्च करायची. शब्दाची शेपटी मन लावून लिहायची आणि बोलताना गिळून टाकायची. वहीत मी उच्चार देवनागरीत उतरवू लागले, तर 'र' पाशी गाडी अडली. तो जिभेवर नसतोच, घशात राहतो. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, गुळण्या केल्यासारखं करा. केलं. ह्यांनी आतून मीठ-पाणी आणून दिलं.

तो 'र' अखेर सापडला शिंप्याकडे. मास्टरजी लखनवी वळणाचं उर्दू बोलतात. ब्लाउजवर टेप धरून ते "नाप ग़लत है" म्हणाले, आणि त्या 'ग़' मध्ये मला अख्खं पॅरिस ऐकू आलं. मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. मास्टरजींनी शरमून शिलाई कमी केली.

नाकातले स्वर तर घरातच होते. सासूबाईंचं माहेर दापोलीकडचं; सगळा जन्म झाशीत गेला तरी त्यांच्या बोलण्यातले कोकणी अनुस्वार जागचे हलले नाहीत. 'बों', 'व्हें', 'ब्लां' हे त्यांच्या नाकातून असे निघतात की सॉर्बोनच्या प्राध्यापकानं पाट-पाणी मांडावं. मात्र मी त्यांच्यासमोर बसून तसं बोलायला लागले, तेव्हा सून आपल्याला वेडावते आहे अशी त्यांची खात्री झाली. दोन दिवस चहा अबोल्यात झाला.

आकडे भाजीवालीकडून. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे चार वीस, नव्वद म्हणजे चार वीस दहा, आणि सत्त्याण्णव म्हणायचं तर चार वीस दहा सात. पुस्तक वाचून मला घेरी आली होती. भाजीवालीनं बथुआ तोलला आणि सहज म्हणाली, "चार बीसी और दस दे दो, बिन्नू." बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच बोलणाऱ्यांनी नव्वदसाठी सुटसुटीत एकच शब्द ठेवला आहे. आमची भाजीवाली कट्टर पॅरिसची.

लिंगांचा घोळ आम्हा झाशीकर मराठ्यांना नवा नाही. पुस्तक मराठीत 'ते', हिंदीत 'ती'. आमच्या घरात दिवसभर ते दोन्ही असतं. फ्रेंचमध्ये ते 'तो' झालं, एवढंच. चंद्राची बाई झाली याचं मात्र सासूबाईंना फार वाईट वाटलं.

एवढी तयारी झाल्यावर मी ओरछ्याला गेले. वीसेक किलोमीटरांच्या आतच ते, आणि झाशी स्टेशनावर उतरणारे बरेचसे फ्रेंच तिकडेच जातात. रामराजा मंदिरासमोर एक गाइड पोरगा त्यांच्या घोळक्याला धडाधड फ्रेंचमध्ये सांगत होता. क्रियापदं सगळी एकाच रूपात, व्याकरणाला रामराम, आणि एकही फ्रेंच माणूस अडत नव्हता. इथे राम देव म्हणून नाही, राजा म्हणून बसतो. राणी गणेशकुंवरीनं त्याला अयोध्येहून आणला. पोलीस त्याला रोज बंदुकीनं सलामी देतात. १७९३ मध्ये स्वतःच्या राजाचं मुंडकं उडवलेल्या देशाची ती माणसं अगदी गप्प होऊन ऐकत होती. मग एका आजोबांनी प्रश्न विचारला, आणि तो मला शब्दन्‌शब्द कळला: या शिपायांना पगार कोण देतं, राजा?

"नों, नों, मस्यो," पोरगा म्हणाला, "मध्य प्रदेस."