स्वमत, गाइडातले

दुसऱ्याच्या लिखाणावर मत कसे द्यावे, याचे रीतसर शिक्षण महाराष्ट्रात दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतून मिळते. पाठावर ‘स्वमत’ आणि कवितेवर ‘रसग्रहण’ लिहायचे असते. रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. त्यामुळे कविता कोणतीही असो, ती सुंदरच निघते; न आवडण्याची सोय नाही. स्वमत तर गाइडात तयारच मिळते. ते पाठ करून असंख्य मुले आपापले वैयक्तिक मत अगदी त्याच शब्दांत मांडतात. (मतभेद झालाच, तर तो दोन प्रकाशकांमधला.)

नेमके लिहावे, कारण द्यावे, माणसावर न घसरता लिखाणाबद्दल बोलावे, हे सगळे फळ्यावर. मुलाच्या पानभर निबंधाखाली मात्र लाल शाईत ‘पाहिले’, सही आणि तारीख. फारच झाले तर ‘अक्षर सुधारा’. निबंध वाचल्याचा पुरावा देण्याची प्रथा नाही. मुले हे चटकन उचलतात. एकमेकांच्या वह्या तपासायला दिल्या, की ‘छान’ लिहून मोकळी होतात. एखाद्याला वाक्य खरेच खटकले आणि ते का, हेही त्याने लिहिले, तर तो आगाऊ ठरतो. खरे तर पूर्ण गुण त्यालाच द्यायला हवेत.