बिनअर्जाचा लाभार्थी

दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून शोभेचे झुडूप म्हणून हिंदुस्थानच्या उद्यानांत दाखल झालेल्या, आणि पुढे कुंपण ओलांडून तळी, कालवे व नाले यांच्या काठांवर राजरोस वहिवाट सांगणाऱ्या बेशरम नामक वनस्पतीचा सरकारी खर्चाने सत्कार व्हावा आणि तो लातूर जिल्ह्यातील किल्लारीस व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

स्थळ विचारपूर्वक निवडले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर ज्या बावन्न गावांचे स्थलांतर झाले, त्यांतील माणसांना छप्पर मिळण्यासाठी यादीत नाव, पंचनाम्यात नोंद आणि दफ्तरात दाखला असावा लागला. उलट बेशरमाची मोडकी फांदी चिखलात पडली की पेरापेरांतून मुळे फुटून तिचे पुनर्वसन पुरे होते, तलाठ्याची सही नाही की फेरफाराचा हेलपाटा नाही.

ज्या २०१६ साली लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याच साली १ जुलै रोजी दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प राज्याने सोडला. पुढील तीन वर्षांत तो आकडा चार, तेरा आणि तेहतीस कोटी असा वाढत गेला. इतकी रोपे जगवायची म्हणजे खड्डा, पाणी, जाळी आणि राखणदार हे सारे आले. बेशरमाला यांतले काहीच लागत नाही. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि शेळीला त्याची चटक लागलीच तर झाडाऐवजी शेळीचीच मज्जासंस्था ढासळते. मग राखण कोणाची करावी? समारंभाचे छायाचित्र निघाल्यावर मान्यवरांनी त्याच्याकडे फिरकूनही पाहिले नाही, तरी त्याचा मान दुखावत नाही. सबब पुढील वृक्षारोपणाचे उद्दिष्ट निःसंकोच बेशरमाकडे वर्ग करावे.

त्यापासून सावली नाही, चारा नाही आणि पाण्याची वाट तेवढी तुंबते, असा आक्षेप काही कुशंकी मंडळी घेतील. परंतु अहवालात सावलीचा रकाना कोठे असतो? तेथे संख्या पुरते.

राहता राहिली वाचकांना एक विनंती. गावच्या नाल्यातील बेशरम काढाल तर मुळासकट काढा, आणि तोडलेल्या फांद्या पुन्हा त्याच नाल्यात न लोटता कोरड्या जागी उन्हात पुरत्या वाळवा. नपेक्षा, पुढील सालच्या लाभार्थ्यांची यादी आपणच मंजूर केली असे होईल.