येऊ द्या, येऊ द्या... बास!

टेम्पो मागं यायला लागला, की आपल्याकडे माणूस उगवतो. कुठून, ते विचारू नये. क्षणापूर्वी त्या बोळात कुत्रंसुद्धा नसतं. पण रिव्हर्सचं पीं-पीं वाजायचा अवकाश, दुधाची पिशवी घेऊन चाललेला कुणीतरी पिशवी कट्ट्यावर ठेवतो, टेम्पोच्या मागं जाऊन उभा राहतो आणि उजवा हात कोपरापासून हलवत सुरू करतो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." टेम्पो त्याचा नसतो, सामान त्याचं नसतं, पुष्कळदा बोळही त्याचा नसतो.

आमच्या सोसायटीत ही गादी येऊद्याकाकांकडे आहे. काका पाटबंधारे खात्यात हिशेबनीस होते. निवृत्तीनंतर लोक देवधर्म करतात, काका वाहनं मागं घेतात. गॅसची गाडी, नव्या भाडेकरूचं सामान, पाण्याचा टँकर, लग्नाच्या मांडवाचे बांबू, सगळं काकांच्या देखरेखीखाली आत येतं. गणपतीच्या दिवशी तर ते सकाळपासून फाटकाशीच. मूर्तीचा टेम्पो आला, की एका हातानं विजेची तार बांबूनं वर धरायची आणि दुसऱ्यानं टेम्पो मागं घ्यायचा, असा त्यांचा मानाचा कार्यक्रम असतो. त्यांच्या 'बास'ला पायऱ्या आहेत. साधा 'बास' म्हणजे अजून दोन फूट जागा आहे. 'बास बास' म्हणजे वीतभर उरली आहे. 'अरे बास!' हा उद्गार सहसा आवाज झाल्यानंतर येतो.

काकांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. सायकल येते.

अशा माणसाला बोटीवर नेऊ नये, हे आम्हाला सुचायला हवं होतं. गेल्या सप्टेंबरात आम्ही तीसेक जण क्रोएशियाला गेलो. स्प्लिटहून डुब्रोव्हनिक, सात रात्री, मध्ये चार-पाच बेटं. बोट लहान, वीस खोल्यांची. अशा बोटीचं कौतुक असं, की दहा-बारा मजली अवाढव्य जहाजं ज्या बंदरांच्या बाहेरच ताटकळतात, तिथं ही थेट गावाच्या चौकापाशी जाऊन लागते. चहाचा कप हातात धरून उतरलात, तर कप रिकामा व्हायच्या आत तुम्ही चारशे वर्षं जुन्या पायरीवर. आम्ही सगळे त्या पायऱ्यांसाठी गेलो होतो. काकांनी माहितीपत्रकातली दुसरीच ओळ हेरली होती: 'रोज नवं बंदर.' म्हणजे रोज एकदा, जमलं तर दोनदा, बोट धक्क्याला लावायची. म्हणजेच रोज एकदा, जमलं तर दोनदा, तिच्या मागं कुणीतरी उभं राहायला हवं.

स्प्लिट हे गाव एका माणसाच्या निवृत्तीतून झालं आहे. रोमचा सम्राट डायोक्लेशियन १ मे ३०५ रोजी आपणहून सिंहासनावरून उतरला आणि समुद्राकाठी बांधून घेतलेल्या वाड्यात येऊन राहिला. पुढं लोक त्याला परत गादीवर बसा म्हणून विनवायला आले, तेव्हा त्यानं आपल्या परसातल्या कोबीचं कौतुक सांगितलं म्हणे. आज त्या वाड्याच्या भिंतींच्या आत अख्खं गाव आहे. दुकानं, वाळत घातलेले कपडे, आणि सम्राटाच्या थडग्याच्या इमारतीत चर्च. त्यातही ते चर्च ज्या संताच्या नावाचं, तो डायोक्लेशियनच्याच राजवटीत मारला गेलेला. असा सूड आपल्याकडे नाटकातही कुणी घेतलेला मला आठवत नाही.

गाईड मुलगी हे रंगवून सांगत होती. काकांनी हात वर केला. "बोट कुठं लावायचा?"

मुलगी खूश झाली. हा प्रश्न तिला कुणी विचारत नसावं. आज वाड्यापुढं ताडाच्या झाडांचा रुंद रस्ता आहे, पण त्या काळी पाणी थेट भिंतीला भिडलेलं होतं, सम्राटाची बोट दक्षिण दरवाज्याशी लागे आणि माणूस तिथून तळघरात शिरे, असं तिनं सांगितलं. काका त्या दरवाज्यात बराच वेळ पाठमोरे उभे होते. मग वळून म्हणाले, "आडवी लावत असणार. उभी घ्यायला इथं खोली नाही." सतराशे वर्षांनी का होईना, डायोक्लेशियनची बोट नीट लागली.

आमचा कॅप्टन तरणा, काळा चष्मा लावणारा आणि अबोल होता. पहिल्याच संध्याकाळी ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादला बोट मागं घेताना त्याला अचानक आपल्या पाठीशी "येऊ द्या, येऊ द्या" ऐकू आलं. त्यानं चष्मा वर केला, काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोमालो, पोमालो." दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर याचा अर्थ हळू घ्या, दमानं घ्या, असा होतो. काकांनी काकूंना सांगितलं, "मला 'भले, भले' म्हणाला."

स्तारी ग्रादमध्ये मात्र काकांमधला सरकारी माणूस जागा झाला. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये पारोस बेटावरचे ग्रीक इथं येऊन वसले. त्यांनी गावामागच्या सपाटीची मोजणी करून चौकोनी तुकडे पाडले आणि मध्ये दगडी बांध घातले. ते बांध अजून तिथंच आहेत. त्याच चौकटींत अजून द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. २००८ मध्ये युनेस्कोनं या शेतांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो याचसाठी. आम्ही फोटो काढत होतो आणि काका एका बांधावर बसून तो हातानं चाचपत होते. "चोवीसशे वर्षं," ते म्हणाले, "आणि कुणीच बांध कोरला नाही? शेजाऱ्यानं वीतभरसुद्धा सरकवला नाही? भावाभावांत वाटण्या झाल्याच नसतील का हो?" कालव्याच्या भूसंपादनाच्या फायली ज्यानं तीस वर्षं पाहिल्या, त्याला हे जगातलं आठवं आश्चर्य वाटणारच.

दुसऱ्या दिवशी त्याच बेटाच्या दुसऱ्या बाजूला, ह्वार गावात, ते घडलं.

या बंदरांत जागा थोडी आणि बोटी फार. त्यामुळं पहिली बोट धक्क्याला लागते, दुसरी तिच्या कुशीला, तिसरी दुसरीच्या कुशीला, अशा चार-पाच बोटी दोरांनी एकमेकींना बांधून उभ्या राहतात. गावात जायचं तर मधल्या सगळ्या बोटींतून चालत जायचं. कुणी जर्मन आजोबा न्याहारी करत असतात, त्यांच्या अंड्यावरून नजर चुकवत 'गुड मॉर्निंग' म्हणत आपण पुढच्या बोटीत. वाड्यात परसाकडे जाताना शेजाऱ्याच्या ओसरीवरून जावं लागे, तसलाच हा प्रकार. रात्री खिडकीचा पडदा सरकवला, तर हातभर अंतरावर दुसरी खिडकी आणि तीत दात घासणारी बाई.

त्या संध्याकाळी आमची बोट चौथी होती. तिसऱ्या बोटीच्या कठड्याशी एक दांडगा खलाशी उभा राहिला. दोन बोटींमध्ये रबरी फुगे सोडलेले होते. आमचा कॅप्टन बोट इंचाइंचानं आडवी सरकवत होता आणि काका नेहमीच्या जागी उभे होते. काकू बजावत होत्या, "अहो, आत या. बोट काय तुमची आहे?" इतक्यात समोरच्या खलाशानं हात कोपरापासून हलवायला सुरुवात केली आणि तो ओरडला, "आयदे, आयदे, आयदे..."

काकांचा उचललेला हात तसाच राहिला. "ऐकलंत?" ते म्हणाले. "येऊ दे म्हणतोय!"

मग काय विचारता. तिकडून "आयदे", इकडून "येऊ दे". जुगलबंदीच. बोट येतेय, फुगे दबताहेत, आणि शेवटच्या वीतभर अंतरावर काका ओरडले, "बास!" आणि त्याच क्षणी तो खलाशी ओरडला, "बास्ता!"

बोट लागली. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ सिनेमात भेटतात ते याहून कोरडे भेटतात.

रात्री जेवताना मी शहाणपणा केला. 'आयदे' म्हणजे चला, या, होऊन जाऊ दे. तो त्यांचा रोजचा शब्द आहे. 'बास्ता' इटालियन आहे, कारण हा किनारा १४२० पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होता. आपला 'बास' मात्र फारसीतून आला आहे. तेव्हा हा निव्वळ योगायोग, असं मी समजावलं. काका बोटीवरची ब्लिट्वा खात होते. ही तिकडची पालेभाजी, उकडलेला बटाटा आणि लसूण घालून केलेली. फोडणी दिली असती, तर आपलीच म्हणून खपली असती. घास गिळून ते म्हणाले, "व्हेनिस राहू द्या हो. गाडी मागं घेताना माणूस मनातलं बोलतो. मनातली भाषा सगळीकडे एकच."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. काकूंनी मला आणखी ब्लिट्वा वाढली.

ह्वारमध्ये आणखी एक जागा काकांना फार आवडली. चौकाच्या कडेला आर्सेनल नावाची इमारत आहे. खालच्या मजल्याला भलीमोठी कमान, कारण व्हेनिसची वल्ह्यांची लढाऊ गलबतं डागडुजीसाठी आत घेत. वरच्या मजल्यावर १६१२ मध्ये नाट्यगृह थाटलं. युरोपातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक नाट्यगृहांत त्याची गणना होते. आम्ही नाट्यगृह पाहून भारावलो. काका कमानीखाली उभे राहून म्हणाले, "आधी पार्किंग, मग वर नाटक. ही खरी नगररचना." आमच्या गावातल्या नाट्यगृहापाशी गाडी लावायला जागा शोधता शोधता माझा पहिला अंक ज्या-ज्या वेळी बुडाला, ते सगळे प्रयोग मला आठवले. मी मान डोलावली.

व्हिस बेटावर मात्र काका हरले. हे बेट युगोस्लाव्ह सैन्याचा तळ होतं आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथं पाय ठेवता येत नसे. डोंगराच्या पोटात पाणबुडी लपवायला खोदलेला बोगदा आहे. छोट्या होडीतून आम्ही त्याच्या तोंडाशी गेलो. वर काँक्रीटचं छत, दोन्ही बाजूंना भिंती, खाली काळं पाणी. काका बराच वेळ गप्प होते. शेवटी हळूच विचारलं, "ही मागं घेताना माणूस उभा कुठं राहत असेल?" गाईडला ते ठाऊक नव्हतं. "आणि ओरडला, तरी आतल्याला ऐकू कसं जाणार?" त्या दिवशी त्यांनी दुपारचा आंबापोळीचा तुकडासुद्धा घेतला नाही.

कोर्चुला घाईत झालं. मार्को पोलो आमचाच, असं ते गाव सांगतं. इतिहासकार मान हलवतात आणि गाव दुकानं उघडी ठेवतं. माशाच्या काट्यासारख्या फुटलेल्या तिथल्या गल्ल्या मात्र खऱ्या बघण्याच्या. पश्चिमेकडच्या सरळ, उन्हाळ्याचा गार वारा आत यावा म्हणून. पूर्वेकडच्या किंचित वाकड्या, हिवाळ्यातला बोचरा 'बुरा' वारा अडावा म्हणून. काकांचा शेरा एवढाच, की या गल्लीत टेम्पो शिरणार नाही.

म्लेत बेटावर मला काकांचा नातलग भेटला. तिथं विषारी साप फार झाले, म्हणून १९१० मध्ये थेट आपल्याकडची मुंगसं नेऊन सोडली. मुंगसांनी काम चोख केलं. साप आटोपल्यावर ती पक्ष्यांच्या अंड्यांकडे वळली. मदतीला आले ते गेलेच नाहीत. आता बेटाला मुंगसांचं काय करावं हा प्रश्न आहे. मी हे काकूंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या, की काकांनी दुरून विचारलं, "काय झालं?"

डुब्रोव्हनिकच्या जुन्या गावात वाहनांना बंदी आहे. काकांच्या चेहऱ्यावर सुतक उतरलं. गुळगुळीत झालेल्या त्या लांब दगडी रस्त्यावर सगळं जग पायी चाललेलं. मागं येणारं काही नाही, फक्त पुढं जाणारी माणसं. १३७७ मध्ये याच गावानं, रोगराईच्या मुलखातून येणाऱ्याला तीस दिवस बाहेर थोपवून धरायचा कायदा केला. क्वारंटाईनची ती सुरुवात. हे ऐकून मात्र ते थोडे खुलले. कोविडच्या काळात फाटकावर तापमान मोजायची बंदूक त्यांच्याकडेच होती.

मग आम्ही तटावर चढलो. १,९४० मीटरचा फेरा, कुठं कुठं भिंत पंचवीस मीटर उंच. खाली लाल कौलांचा समुद्र. त्यात काही कौलं जुनी, मळकट, आणि पुष्कळशी नवी, भडक. १९९१च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी जी घरं फुटली, ती नव्या कौलांची. सगळे एकदम गप्प झाले. काकाही. कोकणातल्या घराची कौलं वादळात उडालेली त्यांनी पाहिली होती. "शाकारलं म्हणायचं पुन्हा," एवढंच ते म्हणाले.

पण पुढच्या बुरुजावरून जुनं बंदर दिसलं आणि त्यात लोक्रुम बेटाची फेरी करणारी होडी धक्क्यावरून मागं निघाली होती. मागं तीन होड्या दाटीवाटीनं उभ्या. काकांनी टोपी काकूंच्या हातात दिली, तटाच्या कठड्यावर रेलले आणि पंचवीस मीटर उंचीवरून खणखणीत आवाजात सुरू झाले, "आयदे! आयदे! आयदे!" तटावरचे जपानी पर्यटक थबकले. खालच्या होडीवाल्यानं वर पाहिलं नाही. पण हात हलवला.

मुंबईला विमान रात्री दीडला उतरलं. टॅक्सी आमच्या सोसायटीत शिरली तेव्हा चार वाजत आले होते. दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये चिंचोळी वाट. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, गाडी इथं वळत नाही." काका तोवर मागं जाऊन उभेही राहिले होते. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे तोडा, येऊ द्या..." पहिल्या मजल्यावर दिवा लागला. कुणीतरी म्हणालं, "आले वाटतं." टॅक्सी एका दमात, कुठंही न घासता फाटकाबाहेर गेली आणि कोपऱ्यावर दिसेनाशी झाली.

काकूंची बॅग डिकीत होती.