उपकारस्तुतीचे पाचशे एक

देवाला सगळं दिसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न मंडळीला दिसण्याचा आहे.

त्याची सोय जाहिरातींत आहे. संदेश संपला, अर्पणाच्या थैल्या फिरून पुढे पोचल्या, की सेक्रेटरी उठतात, चष्मा पुसतात आणि कागद उलगडतात. अमक्यांच्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त उपकारस्तुतीचे पाचशे एक. तमक्यांचा मुतखडा ऑपरेशनशिवाय पडला म्हणून एक हजार एक. मग ते जरासे थांबतात आणि म्हणतात, "एका बहिणीकडून, जिची नाव सांगण्याची इच्छा नाही, पाच हजार." या बहिणीचा मला मनापासून राग येतो. पाचशे एकवाल्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही, आणि हिचं नाव शोधण्यात मात्र अख्खी मंडळी आशीर्वादापर्यंत गुंतून पडते. नाव सांगितलं असतं तर बाई दोन मिनिटांत विसरली गेली असती.

वरच्या एका रुपयाचंही सांगून टाकतो. आमच्या खापरपणज्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावचे देव सोडले, जत्रा सोडल्या, नवस सोडले. हा एक रुपया तेवढा कनवटीला लावून सोबत आणला. दोनशे वर्षं व्हायला आली, एकाही पाळकसाहेबांना तो सोडवता आलेला नाही.

आगमनकाळ लागला की जाहिराती लांबतात. प्रेषित अंद्रियाचा दिवस ३० नोव्हेंबर. त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो आगमनाचा पहिला, आणि तिथून नाताळापर्यंत चार रविवार. काळ तयारीचा, पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा, असं पाळकसाहेब सांगतात. वर्गणीचा, असं खजिनदार सांगतात. कॅरलवाल्यांना ढोलकी मढवायची असते, संडे स्कूलला देवदूतांचे पंख शिवायचे असतात, महिला मंडळाला विधवांना ब्लँकेटं द्यायची असतात. प्रत्येकाची पावतीबुकं वेगळी. चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं गेलं की माणूस तिन्ही पावत्या फाडून घेतो आणि चौथा कुणी दिसायच्या आत स्कूटरला किक मारतो.

मेणबत्त्यांचं हिरवं कडं ही आमच्याकडे तशी नवलाई. मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची. ते लोक १८३१ साली नगरात आले, आणि त्यांच्या शिस्तीत मेणबत्ती लागायची ती दिवे गेल्यावर. पुढे १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन सी.एन.आय. झालं आणि अँग्लिकन भावंडांच्या संगतीने आम्हालाही झगे आणि रंग आवडू लागले. आता दर वर्षी सुरूच्या फांद्या वळवून कडं होतं, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. गुलाबी मेणबत्ती केकच्या दुकानात मिळते. जांभळी नगरात मिळत नाही, म्हणून पांढरीलाच जांभळा पतंगी कागद गुंडाळतात. दुसऱ्या रविवारपर्यंत तो कागद पेट घेतो. त्या दिवशी मंडळी संदेशभर जागी असते.

हे कडं मुळात धर्मादायातूनच आलेलं. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाच्या पाळकाने गरिबांची पोरं सांभाळायला घेतली होती. पोरं रोज विचारून भंडावायची, नाताळ कधी? त्याने गाडीचं एक चाक घेतलं, त्यावर रोजच्या छोट्या लाल आणि रविवारच्या मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. मोजा म्हणाला. हा इतिहास मी कमिटीच्या बैठकीत बऱ्यापैकी भावुक होऊन सांगितला. बोलताना माझा डोळा चौथ्या मेणबत्तीवर होता, हे खजिनदारांनी ओळखलं. चौथ्या रविवारी पुण्यामुंबईची पोरं घरी आलेली असतात, बाक भरलेले असतात, मोबाइल वर झालेले असतात. त्या दिवशी मेणबत्ती पेटवणारं कुटुंब वर्षभर लक्षात राहतं. आम्हाला पहिली मिळाली. पहिल्या रविवारी अर्धी मंडळी लग्नांना गेलेली असते. "पहिली मेणबत्ती सर्वांत जास्त जळते," पाळकसाहेब म्हणाले. चौथी न मिळालेल्यांना हे वाक्य दर वर्षी ऐकवलं जातं.

आता पंख्यांबद्दल. नगरच्या चर्चबद्दल लिहायचं आणि पंख्यांबद्दल लिहायचं नाही, हे मला जमणार नाही.

आमच्या चर्चमध्ये छताला जेवढे पंखे आहेत, तेवढी माणसं कधी काळी वारली आहेत. प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर ऑइलपेंटने नाव. मराठी माणसाचं नाव तीन पात्यांसाठीच घडवलं असावं अशी माझी खात्री आहे: एका पात्यावर स्वतःचं, दुसऱ्यावर बापाचं, तिसऱ्यावर आडनाव. चार पात्यांचा पंखा आला असता तर गावाचं नाव घालावं लागलं असतं. मधल्या वाटीवर 'यांच्या स्मरणार्थ' असतं. आमच्या पेंटरने ते 'स्मर्णार्थ' असं रंगवलं. तो अक्षरावर पैसे घेई, त्यामुळे एक अक्षर वाचलं म्हणून कुणी तक्रार केली नाही. माझ्या वडिलांचा पंखा डाव्या हाताच्या रांगेत, खांबाजवळ आहे. खालून बघणाऱ्याला तो जिथे थांबेल तिथून वाचावा लागतो. म्हणजे कधी आडनाव आधी येतं, कधी आजोबांचं नाव, आणि माझे वडील आपल्याच पंख्यावर शेवटी.

खरी पंचाईत मात्र वेगळी आहे. पंखा लावला की नाव जातं. नगरचा उन्हाळा फेब्रुवारीत सुरू होतो, आणि तेव्हापासून दिवाळीपर्यंत दर रविवारी आमचे सगळे पूर्वज एका राखाडी चकतीत विरघळून गरगरत असतात. दात्याने पैसे दिले वाऱ्यासाठी, पण त्याच्या मुलाला हवं असतं नाव. भारनियमनाची वर्षं ही दात्यांची सुवर्णवर्षं होती. ऐन संदेशात वीज जायची, पंखे कण्हत कण्हत मंद व्हायचे, आणि घामाने भिजलेल्या डोक्यांवर एकेक नाव प्रकट व्हायचं. मंडळी पुठ्ठ्याने वारा घ्यायची. मी वर बघायचो.

म्हणून मला आगमनकाळ प्रिय. डिसेंबर लागतो, शहराचं नाव २०२४ साली बदललं तरी थंडी जुन्याच नगरची पडते, आणि बारा महिन्यांत प्रथमच सगळे पंखे बंद. जो तो स्वेटर घालून, मान वर करून, आपापला माणूस वाचत बसलेला. वरून दिसत असेल तर आमच्याइतकी आकाशाकडे डोळे लावून बसलेली भाविक मंडळी दुसरी नसेल. गेल्या वर्षी कमिटीत तरुण संघाने ठराव आणला, की हे ७५ वॅटचे जुने पंखे काढून ३० वॅटचे नवे बीएलडीसी बसवावेत, विजेचं बिल उतरेल, रिमोटही मिळेल. मी विचारलं, त्या गुळगुळीत पात्यांवर ऑइलपेंट धरतो का? पोरगा म्हणाला, "काका, नावं भिंतीवर एका फळ्यावर लिहू." फळ्यावर! म्हणजे यादीत! ठराव माझ्यासकट एकवीस मृतांच्या वारसांनी हाणून पाडला, आणि बिल मंडळी भरते आहे.

असो. आगमनकाळातल्या वाचनांत बाप्तिस्मा करणारा योहान येतो. उंटाच्या केसांचं वस्त्र, खायला टोळ आणि रानमध. हा माणूस लोकांपुढे उभा राहिला तो त्यांना सापाची पिल्लं म्हणूनच. मदतीचं आवाहन करण्याची ही पद्धत आमच्या खजिनदारांनी अजून वापरून पाहिलेली नाही. लोकांनी घाबरून विचारलं, मग आम्ही करायचं काय? तेव्हा त्याने थेट कपाटाला हात घातला: ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा. दोनातला एक. हा हिशोब मला फार अडचणीचा वाटतो, कारण मी आजवर दिला तो सातवा स्वेटर. कोपरावर विरलेला, शिवाय धुतल्यावर आखडलेला. सहा स्वेटर असलेल्याने सातवा दिला तर योहान काय म्हणाला असता, याचा मी विचार करत नाही. सापांचा उल्लेख परत आला असता एवढं नक्की.

घरी हा विषय काढला तर बायको म्हणते, "टिळक देत सुटले म्हणून लक्ष्मीबाईंना 'स्मृतिचित्रे' लिहावी लागली. माझ्यावर तशी वेळ येईल असं काही तुमच्या वागण्यात दिसत नाही." नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे हे खरं, आणि पैसा टिकला नाही की चूल कुणाला सांभाळावी लागते हेही त्या पुस्तकात आहेच. पण टोमणा मला होता.

आता जे सांगतो त्यात मला हसू येत नाही. ब्लँकेटांची वर्गणी नोव्हेंबरअखेर जमते. पहिल्या आठवड्यात गठ्ठे येतात आणि व्हेस्ट्रीत रचून ठेवले जातात. वाटप चौथ्या रविवारी, कारण प्रमुख पाहुण्यांना तीच तारीख सोयीची असते. पाहुणे तासभर उशिरा येतात. तोवर म्हाताऱ्या बायका मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, उतरत्या संध्याकाळी, पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसतात. ब्लँकेट मिळावं म्हणून कुडकुडायचं! मिळाल्यावर ते अंगावर घ्यायचं नाही, छातीशी धरायचं, लेबल बाहेर, आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. डिसेंबरात नगरला पारा दहाच्या आसपास उतरतो. आगमनकाळ वाट पाहण्याचा आहे हे मला पाठ आहे. पण वाट आपण पाहायची असते. ती ज्यांना थंडी वाजते त्यांच्याकडून पाहून घ्यायची, आणि तीही कुलपात ठेवलेल्या ब्लँकेटांची, हे कुठल्या वचनात बसतं? बैठकीत मी हे बोललो. आवाज चढला. सगळे गप्प झाले आणि मग कुणीतरी म्हणालं, "पण बॅनर छापून झालाय."

त्या रागात मी गुप्तदान करायचं ठरवलं. ६ डिसेंबर हा संत निकोलसचा दिवस, त्यामुळे मुहूर्त तयारच होता. मायराचा हा बिशप. एका बापाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत. याने तीन रात्री गुपचूप सोन्याच्या तीन थैल्या घरात टाकल्या. तिसऱ्या रात्री बापाने त्याला पकडलं, तर याने त्याच्याकडून वचन घेतलं, कुणाला सांगू नकोस. आता ही गोष्ट पृथ्वीवरच्या पोरापोराला माहीत आहे. म्हणजे बाप तरी बोलला, नाहीतर बिशप. बिशपवर संशय घेण्याचा मला अधिकार नाही, पण मी स्वतः कापड बाजारातून ब्लँकेट घेऊन घरी पोचायच्या आत दोघांना सांगितलं होतं. बायको तिसरी. चौथा स्कूटरचा मेकॅनिक, आणि तो तर ख्रिस्तीही नाही.

ब्लँकेट होतं बोर्डिंगच्या मावशींसाठी. मिशनच्या बोर्डिंगमध्ये त्यांनी आमच्यासारख्या पोरांच्या डोक्यातल्या उवा काढण्यात जन्म घालवला. आता एका खोलीत एकट्या असतात. मी अंधार पडल्यावर गेलो. "जय ख्रिस्त, मावशी," म्हणालो आणि पिशवी पुढे केली, चेहरा शक्य तितका साधा ठेवून.

त्यांनी ब्लँकेट बाहेर काढलं, चिमटीत धरून चोळलं, दिव्याखाली नेऊन उलटं केलं.

"कितीला दिलं?"

"साडेचारशे."

"फसवलं तुला. तीनशेचं आहे. मला घेऊन जायचंस की." मग जरा वेळाने, "रंग बरा आहे. चर्चचं दर वर्षी पिवळंच असतं."

मी संधी साधून चौथ्या रविवारबद्दल बोललो. म्हटलं, मावशी, त्या कार्यक्रमाला थंडीत येऊन तास तास बसायची काही गरज नाही. फोटोसाठी ताटकळायचं, हा अपमान आहे. तुमचं नाव मी यादीतून काढायला सांगतो.

"अरे बाबा, नाव काढू नको!" मावशी एकदम उठून बसल्या. "केक असतो. चहा असतो. सगळ्या जणी भेटतात, वर्षातून तेवढंच तर भेटणं. आणि ब्लँकेटाचं म्हणशील तर हेच घेऊन येईन हातात धरायला. माझ्या वाट्याचं पिवळं त्या पलीकडच्या बाळंतिणीला दे, तिचं नाव यादीत बसत नाही ना, नवरा आहे म्हणून."

मी बरं म्हणालो.

"आणि मला फोटोत पुढच्या रांगेत बसव. मागच्या वर्षी खजिनदार मध्ये आला. माझा नुसता पदर आलाय त्यात."

पुढच्या रांगेचा विषय मी कमिटीपुढे लेखी मांडला आहे. त्या रांगेसाठी आधीच सात अर्ज आले आहेत, आणि त्यातला एक माझा आहे. तो मागे घ्यावा असं बायकोचं म्हणणं आहे. मी विचार करतो आहे.