मतदाराने प्रथम स्वतःस शोधावे

महापालिकेचे मतदान सुधारले पाहिजे असे ज्यांना वाटते, त्यांची यादी माझ्या नावापासून सुरू होते. मतदार यादीबद्दल मात्र इतके छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

नियम पहिला. मतदाराने प्रथम स्वतःस शोधावे. पालिका निवडणुकीसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतात. फोडताना तुमची इमारत शेजारच्या प्रभागात गेली, तर प्रारूप यादीवर हरकत घेता येते. हरकतीची मुदत आपण गावाला गेलेले असतो तेव्हा असते. नवे नाव किंवा नवा पत्ता त्या वेळी घालून मिळत नाही. ते काम आधी विधानसभेच्या यादीतच करून ठेवावे लागते. हे ज्ञान मला २१ फेब्रुवारी २०१७ रोजी, केंद्राच्या दारात अर्धा तास तावातावाने भांडल्यावर झाले. आई मत देऊन बाहेर आली आणि म्हणाली, "घर बदलल्यावर अर्ज भरलास का? मी माझा भरला होता." या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.

नियम दुसरा. मोबाइल घरी ठेवावा.

नियम तिसरा. मते किती द्यायची, हे दर खेपेस नव्याने विचारून घ्यावे. मुंबईकराला हा प्रश्न पडत नाही, त्याला एकच नगरसेवक. आम्हा पुणेकरांच्या प्रभागात २००२ साली तीन होते, २००७ साली एक, २०१२ साली दोन, २०१७ साली चार. मग तीन ठरले, ते मोडून पुन्हा चार झाले. २०२६ साली एका प्रभागात तर पाच. या घोळात पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान उजाडले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली वर्षे प्रशासकाची. "नगरसेवक नव्हते, काय फरक पडला?" असे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात. मला पडला. ड्रेनेज तुंबले तेव्हा कोणाच्या घरी जाऊन ओरडायचे, तेच कळेना.

नियम चौथा. यंत्रासमोर घाई करू नये. अ, ब, क, ड अशा चार जागा. पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी अशा चार मतपत्रिका. प्रत्येक जागेला एक बटण. एकाच लाडक्याला चारही मते देता येत नाहीत. एखाद्या जागेचा कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचा 'नोटा' दाबावा, पण दाबावा. चारही झाल्याशिवाय शेवटचा लांब आवाज येत नाही. एक बटण दाबून विजयी मुद्रेने निघालेल्या माणसाला "काका, अजून तीन राहिली" असे ऐकू येते, तेव्हा रांग हसते. विधानसभेला मताची चिठ्ठी यंत्रात सात सेकंद दिसते, इथे तेही नाही.

यावर आईची पद्धत अशी. वय ८२. आदल्या रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अ, ब, क, ड लिहून पुढे चार चिन्हे काढायची आणि पाढ्यासारखी घोकायची. चित्रकला यथातथाच, त्यामुळे पतंग कोणता आणि शिंगाडा कोणता हे तिलाच ठाऊक. गुप्त मतदानाची याहून चोख व्यवस्था मी पाहिलेली नाही.

आता गंभीरपणे सांगतो, कारण मलाही राग येतो. हा चार रंगांचा नमुना आठवडाभर आधी घरोघर टाकला तर काय बिघडेल? केंद्र शाळेच्या पहिल्या मजल्यावर का? रांगेत चार खुर्च्या ठेवायला कोणत्या अधिनियमात दुरुस्ती लागते?

नियम पाचवा, बोटाविषयी. इथे शाईऐवजी मार्कर, आणि या वेळी तो पुसतो की नाही यावर राज्यभर वाद. आईचा दुसऱ्या दिवशी कणीक मळूनही टिकला.

मतदान साडेसातला सुरू होणार होते, आई सातलाच चपला घालून दारात उभी. या वेळी माझेही नाव यादीत सापडले. घर एक, आडनाव एक. केंद्रे मात्र दोन, आणि मध्ये एक नाला.